अभ्यासिकेतला दिवा

नागपूरच्या बेसा भागातल्या गजलक्ष्मी नगरचं इंटरनेट बारा दिवस जात-येत होतं. त्या बारा दिवसांत ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं अशा प्रत्येकाने आपलं मत देऊन टाकलं. कोणी खारींवर ढकललं, कोणी मे महिन्याच्या उन्हावर, कोणी नालीच्या खोदकामावर. नालीचं खोदकाम दोन वर्षांपूर्वीच संपलं होतं, पण मत द्यायला तेवढी चौकशी लागत नाही.

ज्या कंपनीचं ते इंटरनेट होतं तिचं नाव वेगधारा. या कंपनीच्या दक्षिण नागपूर विभागात बिघाड शोधायचं काम सुरुची वासनिक करायची. नागपुरातल्याच इंदोऱ्यात वाढलेली, आयटीआय झालेली, छत्तीस वर्षांची बाई. केसाएवढ्या काचेच्या तारा जोडण्यात तिचा हात धरणारा विभागात कोणी नव्हता, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं. नऊ वर्षांत ती शेकडो घरांच्या दारात उभी राहिली होती आणि त्यातल्या निम्म्या घरांनी तिच्या खांद्यावरून मागे बघत विचारलं होतं, मेन माणूस कधी येणार? सुरुवातीला तिला राग यायचा. नंतर तिने सरळ सगळ्यांनाच एका पोत्यात घातलं. तिच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं उरली होती. ज्यांना काही कळत नाही ती, आणि ज्यांना काही कळत नाही पण पद आहे ती.

दुसऱ्या प्रकारात पहिला नंबर हर्षितचा. तो वेगधाराचा नेटवर्क हेड. वय एकतीस, शर्ट कायम इस्त्रीचा. जन्मात कधी खांबावर चढला नव्हता. पण भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर हिरवे-लाल ठिपके बघून कुठे काय बिघडलंय ते आपल्याला कळतं, अशी त्याची स्वतःबद्दलची समजूत होती. गजलक्ष्मी नगरचे ठिपके दिवसातून दोनदा एकदम लाल व्हायचे आणि दोन-अडीच तासांनी एकदम हिरवे. हर्षितने याला एक इंग्रजी नाव दिलं आणि नाव दिल्यामुळे अर्धं काम झालं असं समजून तो जेवायला गेला.

ते ठिपके म्हणजे बत्तीस घरं. ऑफिसातून एक तार यायची, ती लेआउटच्या, म्हणजे या वसाहतीच्या, कोपऱ्यावर कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या लोखंडी पेटीत शिरायची. या पेटीला सगळे हब म्हणत. हबमध्ये एका तारेच्या बत्तीस तारा व्हायच्या आणि घरोघरच्या राउटरपर्यंत जायच्या. सुरुचीने आठ दिवसांत पाच वेळा ही पेटी उघडली. प्रत्येक वेळी मीटर लावलं की तारेतून येणारा प्रकाश उत्तम. जोड उत्तम. तारेला कुठे मोड नाही, टोकांवर धूळ नाही. शिवाय ती पोचायची तोवर इंटरनेट आलेलंच असायचं, कारण हर्षितच्या नियमाने तक्रार तीन तास ऑफिसात मुरायची आणि मग माणूस निघायचा.

त्याचा आणखी एक नियम होता. हबमधली कोणाच्याही घराकडे जाणारी कॉर्ड, म्हणजे जोडतार, चालू असताना काढायची नाही. काढलेली प्रत्येक कॉर्ड त्याच्या महिन्याच्या तक्त्यात एक नवा बिघाड म्हणून दिसायची, आणि तक्ता वर मुंबईला जायचा. म्हणून कॉर्ड न काढता जे काही बदलता येईल ते सगळं बदलण्याचा हुकूम झाला. हबमधला बत्तीस फाट्यांचा भाग बदलला. दोन जोड तोडून पुन्हा केले. इंटरनेट आपलं रोज सकाळी पावणेअकराच्या सुमारास जात राहिलं, जेवणाच्या वेळी परत येत राहिलं, संध्याकाळी पुन्हा जात राहिलं.

लेआउटमधून सर्वांत जास्त तक्रारी यायच्या त्या वामनराव खोलकुट्यांच्या. वामनराव सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले होते आणि निवृत्त व्हायचं तेवढं विसरले होते. ते लेआउटच्या समितीचे अध्यक्ष होते. रोज ते वेग मोजून त्याचा तक्ता करायचे आणि मोबाइलवरून कंपनीला पाठवायचे. सकाळी दहा पन्नास, शून्य. सकाळी साडेअकरा, शून्य. संध्याकाळी सहा, शून्य. बारा दिवसांच्या त्या तक्त्यात शून्याशिवाय दुसरा आकडाच नव्हता. ऑफिसात तो तक्ता मोठ्याने वाचला जायचा आणि सगळे हसायचे. इतर घरांत दिवसाचे एकोणीस-वीस तास नेट व्यवस्थित चालत होतं, म्हणजे म्हातारा खोटं लिहितो हे उघड होतं. सुरुचीही हसली होती. तिचं तर त्यांच्याशी एकदा वाजलंही होतं. ती हब उघडून बसलेली असताना ते छत्री घेऊन आले, पाच मिनिटं वरून बघत राहिले आणि म्हणाले की तुमच्या साहेबांना पाठवा, हे काम बायकांच्या डोळ्याचं नाही.

वामनरावांच्या समोरच्या घरात शोभाताई सोनकुसरे राहायच्या. त्यांचे यजमान, ज्यांना सगळा लेआउट बापूजी म्हणायचा, एसटीत कंडक्टर होते. उभी हयात रामटेकच्या गाडीवर काढलेली. मागच्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. धंतोलीच्या दवाखान्यात दीड महिना काढून ते घरी आले. तिथल्या वाचा-उपचार करणाऱ्या गुंजन मॅडम रोज सकाळी अकरा वाजता व्हिडिओवर त्यांचा सराव घ्यायच्या. मॅडमने पाठ्यपुस्तकातले शब्द पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवले आणि त्यांच्या गाडीचे थांबे घ्यायला सुरुवात केली. कामठी, कन्हान, मनसर, रामटेक. मार्चमध्ये बापूजींना कामठी म्हणता आलं. एप्रिलच्या शेवटी कन्हान जवळजवळ जमलं. मग नेट जायला लागलं. रोज अकराच्या आधीच जायचं. मोबाइलचा सिग्नल त्या घरात इतका कच्चा की मॅडमचं चित्र तोंड उघडं ठेवून गोठायचं आणि बापूजी त्या गोठलेल्या तोंडाकडे बघत बसायचे.

शोभाताई रोज खिडकीपाशी फोन धरून बसायच्या, कारण सिग्नल मिळाला तर तिथेच मिळायचा. खिडकीतून समोरच्या वामनरावांची अभ्यासिका दिसायची. उन्हामुळे त्या खोलीला जाड पडदे होते आणि पडद्यांमुळे साहेबांना दिवसाही दिवा लावावा लागायचा. पडद्याच्या कडेने पिवळी रेघ दिसली की दिवा लागला. शोभाताई सातवीपर्यंत शिकल्या होत्या. त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सहा दिवस वेळा लिहिल्या आणि आठव्या दिवशी, मंगळवारी, ते कॅलेंडर खिळ्यावरून काढून त्या कडुनिंबाखाली आल्या.

सुरुची तेव्हा दोन हेल्परांसोबत हबमधला नवा भाग बसवत होती. दुपारी अडीचचं ऊन होतं. शोभाताईंनी कॅलेंडर पुढे केलं.

“पाय ना वं बाई,” त्या म्हणाल्या, “खोलकुटे साहेबाच्या खोलीतला दिवा लागला का धा मिन्टानं नेट जाते. दिवा इझला का येते. मी सहा दिवस लिहून ठेवलं.”

हेल्पर हसले. सुरुचीने कॅलेंडरकडे पाहिलंही नाही.

“काकू, ही काचेची तार आहे. दिव्याचा आन् हिचा काही संबंध नसते. तुमी स्वयंपाक पाहा, हे आमाले पाहू द्या.”

शोभाताई कॅलेंडरची गुंडाळी करून घरी गेल्या. त्या गेल्यावर हेल्परांनी दिव्यावरून दोन-तीन विनोद केले आणि सुरुचीने ते थांबवले नाहीत. नव्या भागाने काही फरक पडला नाही.

शनिवारी हर्षितने ऑफिसपासून हबपर्यंतची सगळी तारच बदलायची असं ठरवलं. एवढी मोठी चूक इतक्या आत्मविश्वासाने करायला वेगळंच शिक्षण लागत असावं. ठेकेदाराची गाडी दहाला येणार होती, ती आली नाही. म्हणून सुरुची त्या दिवशी पहिल्यांदाच सकाळच्या वेळी हबपाशी बसून होती, तोंडाला दुपट्टा गुंडाळून. दहा पन्नासला ऑफिसातून फोन आला की बत्तीसही ठिपके लाल झाले. तिने मीटर लावलं. खाली येणारा प्रकाश उत्तम होता. नेट मेलेलं आणि प्रकाश उत्तम. तिने मान वर केली तेव्हा समोर वामनरावांच्या पडद्याच्या कडेला पिवळी रेघ होती.

तिला हसू आलं, आणि मग तोंडातच राहिलं. नऊ वर्षांपूर्वीच्या प्रशिक्षणात शिकवलेली एक गोष्ट तिला आठवली, जी प्रत्यक्षात कधी पाहिली नव्हती. बत्तीस राउटर एकाच तारेवरून ऑफिसशी बोलतात, पण पाळीपाळीने. एखादा राउटर बिघडून पाळी सोडून सारखाच बोलत सुटला, तर ऑफिसला त्या गोंगाटात कोणाचंच ऐकू येत नाही. मीटर खाली येणारा प्रकाश मोजतं. वर जाणारा गोंगाट त्याला दिसत नाही.

वामनरावांची कॉर्ड एकोणीस नंबरची होती. हर्षितचा नियम मोडून तिने ती ओढली आणि फोन कानाला लावून थांबली. ऑफिसातली मुलगी पलीकडून मोजू लागली. चार आले, अकरा आले, एकतीस आले. सुरुचीने कॉर्ड परत घातली. दोन मिनिटांत सगळे लाल. पुन्हा काढली, एकतीस हिरवे. तिने हे तीनदा केलं. दुसऱ्या वेळीच खात्री पटली होती. तिसऱ्यांदा केलं ते समोरच्या खिडकीकडे बघायचं टाळायला, कारण शोभाताई तिथे फोन धरून बसल्या होत्या.

वामनरावांनी दार उघडलं आणि साहेब आले का म्हणून विचारलं. सुरुची सरळ आत गेली. अभ्यासिकेत टेबलाखाली एक बोर्ड होता. त्याच्या एकाच बटनावर टेबलावरचा दिवाही होता आणि राउटरही. वीज वाया जाऊ नये म्हणून साहेब टेबलाशी बसताना ते बटन लावायचे आणि उठताना बंद करायचे. राउटरला हात लावला तर चटका बसला. त्याच्या मागचा अडॅप्टर कंपनीचा नव्हता. जुन्या सेट टॉप बॉक्सचा होता, राउटरला सोसेल त्यापेक्षा जास्त व्होल्टचा, काळी टेप गुंडाळलेला. कंपनीचा अडॅप्टर बारा दिवसांपूर्वी लाइटच्या चढउतारात जळला होता. तो बदलून मागायचा म्हणजे आपल्याला येत नाही असं कबूल करायचं, म्हणून अभियंत्यांनी कपाटातून दुसरा शोधून काढला होता.

“पिन बरोबर बसली होती,” वामनराव म्हणाले.

त्या अडॅप्टरबद्दल ते एवढंच म्हणाले. मग त्यांनी कंपनीच्या राउटरच्या दर्जाबद्दल बरंच काही सांगितलं. सुरुची टेबलावरच्या तक्त्याकडे बघत होती. साहेब वेग मोजायला राउटर लावायचे, नेट जोडलं जायच्या आतच राउटर तापायचा, बत्तीस घरांचं नेट जायचं, त्यात त्यांचंही. मग ते संतापून तक्रार लिहायचे आणि बटन बंद करून जेवायला उठायचे, की सगळ्यांचं परत यायचं. चालू नेट त्यांनी बारा दिवसांत पाहिलंच नव्हतं. ज्या तक्त्याला अख्खं ऑफिस हसलं त्यातला एकही आकडा खोटा नव्हता.

तिने राउटर बदलला आणि समोर गेली. शोभाताईंनी तिला आत बोलावलं नाही, बाहेरही थांबवलं नाही. सुरुची उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली की तुम्ही सांगितलं तेच होतं. शोभाताईंनी मान हलवली. त्यांना ते आधीच माहीत होतं. त्यांच्याकडे दुसरी बातमी होती. काल गुंजन मॅडमचा निरोप आला होता. इतके दिवस सराव बुडाल्यामुळे अकराची वेळ दुसऱ्या रुग्णाला दिली होती. आता बापूजींना दुपारी चारची वेळ मिळाली होती. बापूजी सकाळी ताजे असत. चार वाजता उन्हाने आणि औषधांनी त्यांची मान छातीवर पडलेली असायची.

सोमवारी सुरुची अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून धंतोलीला गेली. गुंजन मॅडमने तिला दोन रुग्णांच्या मधल्या वेळात भेट दिली आणि नीट ऐकूनही घेतलं. पण अकराच्या वेळेला आता गडचिरोलीकडची एक बाई होती, जिला आठवड्यातून तीनच दिवस सिग्नल मिळायचा. तिला उठवून यांना द्यायचं का, असं मॅडमने शांतपणे विचारलं. सुरुची खुर्चीवरून उठली. ती परत आली.

दरम्यान हर्षितने वर एक लांबलचक मेल पाठवला. आपण स्क्रीनवरच्या आकड्यांचा अभ्यास करून बिघाड कसा शोधला ते त्यात आकृत्यांसह होतं. सुरुचीने आपल्या अहवालात लिहिलं होतं की नेमकी माहिती सौ. सोनकुसरे यांनी मंगळवारी दिली होती आणि ती मी दुर्लक्षित केली. हर्षितने तिला बोलावून समजावलं की अशा वाक्याने कंपनीला चार दिवस आधी माहीत होतं असा अर्थ निघतो. तिने वाक्य काढायला नकार दिला. त्याने ते स्वतः काढलं. त्याला दोन बटनं दाबावी लागली, आणि त्याने त्या महिन्यात हाताने केलेलं तेवढंच काम.

पुढच्या रविवारी संध्याकाळी समितीने हर्षितचा सत्कार ठेवला. कल्पना वामनरावांची. ज्याचा सत्कार होतो तो सत्कार करणाऱ्याच्या चुका काढत नाही, हे त्यांनी नोकरीत शिकून ठेवलं होतं. लेआउटच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या, शाल आणली, नारळ आणला, माइक आणला. बॅनर बांधायला शिडी लागणार म्हणून सुरुचीला बोलावलं गेलं. वामनराव वीस मिनिटं बोलले. आपल्या काटेकोर नोंदींमुळे कंपनीला दिशा मिळाली, असं ते म्हणाले. हर्षितने मान लववून ते मान्य केलं आणि नागरिकांचा सहभाग किती मोलाचा असतो ते सांगितलं. टाळ्या झाल्या. त्या लोकांनी कशालाही वाजवल्या असत्या, कारण मागे समोशांचा वास सुटला होता.

शाल अंगावर पडायच्या आत शोभाताई मागच्या रांगेतून उठल्या. बापूजींना शेजारणीपाशी सोडून आल्या होत्या. त्यांनी माइक मागितला नाही.

“हे नेट खोलकुटे साहेबाच्या घरून जाऊन राहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “मी या बाईले त्या मंगळवारीच सांगतलं होतं. कोणी ऐकलं नाही. आमच्या ह्यांची अकराची वेळ गेली. शाल घालाची त घाला, पण खोटं काहून बोलता?”

वामनरावांनी घसा साफ केला. हर्षित हसला, ज्याला हसून वेळ मारून न्यायची सवय असते तसा, आणि सुरुचीकडे वळून म्हणाला की काकूंचा काही गैरसमज झालेला दिसतो, तुम्ही जरा समजावून सांगा. त्याने तिला दार उघडून दिलं होतं. तिने फक्त हो म्हणायचं होतं.

“गैरसमज नाही,” शिडी सोडून पुढे येत सुरुची म्हणाली. “त्यांनी सांगतलं होतं. मी त्यांले म्हटलं, तुमी स्वयंपाक पाहा.”

मग वामनरावांनी माइकवरून जाहीर केलं की चहा-नाश्त्याची व्यवस्था डाव्या बाजूला आहे, आणि सगळी सभा सुटका झाल्यासारखी डाव्या बाजूला सरकली. शाल हर्षितच्या खांद्यावर अर्धवटच राहिली. फोटो काढणाऱ्याने तसाच फोटो काढला.

सुरुची शोभाताईंच्या मागोमाग त्यांच्या फाटकापर्यंत गेली. तिथे शोभाताई थांबल्या.

“खरं बोलली ते ठीक केलं तू,” त्या म्हणाल्या. “पण मले त्याच्यानं काय भेटलं?”

रागाने नाही, सरळ विचारलं. उत्तराची वाटही पाहिली नाही. आत शेजारीण बापूजींना पाणी पाजत होती, त्यांना ठसका लागल्याचा आवाज आला तशा त्या घाईने आत गेल्या.

मंगळवारी सुरुचीची बदली हिंगण्याच्या बाजूला झाली. हर्षितने केबिनमध्ये बोलावून सांगितलं की ही शिक्षा नाही, संधी आहे. तो बोलत असताना ती नेहमीप्रमाणे त्याच्याकडे बघत राहिली. इस्त्रीचा शर्ट, स्क्रीनवरचे ठिपके, कधी कुणाचं न ऐकलेले कान. या माणसाला मनातल्या मनात खाली पाडणं हे तिचं रोजचं समाधान होतं आणि आजही तिने ते सुरू केलं. पण कानांपाशी आल्यावर तिला ते कॅलेंडर आठवलं आणि तिचं गाडं अडलं. तिने बदलीचा कागद उचलला, सही केली आणि हेल्मेट घेऊन बाहेर पडली.